एका हाताचे दोन ब्रेक

मी घाटकोपरला चष्म्याच्या दुकानात काम करते. हल्ली बरीच गिऱ्हाईकं फ्रेम मोबाइलवरून मागवतात आणि फक्त काचा बसवायला आमच्याकडे येतात. अशी बाहेरची फ्रेम हातात आली की मी ती आधी उजेडात धरते. प्लास्टिक कुठलं आहे, आधी कोणी गरम करून वाकवलंय का, स्क्रूच्या भोकाजवळ केसासारखी चीर आहे का, हे बघते. आणि मग एक वाक्य म्हणते, "बसवताना तुटली तर जबाबदारी आमची नाही हां." हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय की माझं मलाच ऐकू येत नाही. ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं ते मुलुंडच्या एका सायकलच्या दुकानात. त्या दिवशी मी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभी होते आणि माझ्या हातात सायकलच्या ब्रेकचा एक लिव्हर होता.

तो लिव्हर बाबांसाठी होता.

बाबा मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला चेकनाक्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागले आणि निवृत्त होईपर्यंत सायकलने कामावर गेले. निवृत्तीच्या दिवशी बरोबरच्या लोकांनी त्यांना नवी सायकल दिली. जुन्या काळ्या सायकलला दांड्यांचे ब्रेक होते, हिला वायरचे. बाबांना सुरुवातीला ते ब्रेक 'पोरांच्या खेळण्यासारखे' वाटले, पण महिन्याभरात जुनी सायकल भंगारवाल्याकडे गेली. मग रोज सकाळी मासळी बाजार. हँडलला पिशवी लटकवून, पिशवीतून शेपट्या डोकावताना घरी येणं हा त्यांचा थाट होता.

गणपती होऊन गेले आणि एका सकाळी त्यांच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. कप पडला त्याचं त्यांना आश्चर्य वाटलं. ते वाकून त्या हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. हॉस्पिटल, औषधं, फिजिओथेरपी, सगळं झालं. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं. पाय परत आला, जरासा ओढत, पण आला. हात मात्र अर्धाच परत आला. खांदा हलायचा, कोपर वाकायचं, मनगट थोडंफार वळायचं. बोटं मात्र अर्धवट मिटल्यासारखी राहिली, ती ना उघडायची ना आवळायची. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाबायला एक पिवळा स्पंजचा चेंडू दिला होता. बाबा तो डाव्या पंजात ठेवून रोज सकाळी त्यालाच विचारायचे, "काय रे, आज तरी?"

एका रविवारी दुपारी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले, तर खाली बाबा स्टँडवर लावलेल्या सायकलवर बसलेले. मला वाटलं, जुने दिवस आठवत असतील. खाली गेले तर आठवणी वगैरे काही नव्हत्या, माणूस प्रयोग करत होता. उजव्या हाताने ब्रेक दाबायचे, पुढच्या चाकाकडे वाकून बघायचे, सोडायचे, परत दाबायचे.

"बघ गो," मला बघून ते म्हणाले, "उजव्या हातान पुढचो ब्रेक लागता. मागचो डाव्या हातात. आता नुसतो पुढचोच दाबलो तर काय जातला?"

"उलटे पडाल."

"तांच." मग ब्रेक सोडत म्हणाले, "एकाच हातान दोनय ब्रेक लागती, असा कायतरी आसतला मां? जगात एका हाताची माणसां काय कमी आसत?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी तिथेच पायरीवर बसून मोबाइलवर शोधलं. आणि होतं की! एकच लिव्हर, पण त्याला दोन वायरींची भोकं. दाबला की दोन्ही वायरी एकदम ओढल्या जाणार. कुठे एक हात गेलेले लोक तो वापरत होते, कुठे तीन चाकी सायकलवाले. आपल्या इथल्या दुकानांत मिळत नव्हता, बाहेरून मागवावा लागणार होता. मी फोटो दाखवला. बाबांनी तो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "मागव."

पाकीट यायला बरेच आठवडे लागले. आलं तेव्हा आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. काळा, हातात जड लागणारा तुकडा. बाबांनी तो उजव्या हाताने उलटसुलट केला, दोन्ही भोकांतून माझ्याकडे बघितलं.

आई म्हणाली, "सायकल चालवायची गरज काय आहे? मासे मी आणते ना."

"तू हाडतंस ते बांगडे बघितलंय मी," बाबा म्हणाले.

आई उठून आत गेली. तिचा राग बांगड्यांवरून नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

पहिल्यांदा मी गेले ते बाबांच्या बरोबरच्यांनी मुलुंडच्या ज्या दुकानातून ही सायकल घेतली होती तिथे. आता ते काचेचं दुकान झालंय, सायकली छताला टांगलेल्या असतात. काउंटरवरच्या माणसाने लिव्हर हातात न घेताच मान हलवली.

"मॅडम, बाहेरचे पार्ट आम्ही फिट करत नाही."

"तुमच्याकडे असता तर तुमच्याकडूनच घेतला असता."

"तसं नाही मॅडम. काही झालं तर जबाबदारी आमची नाही ना."

"मी म्हणतेय ना, माझी जबाबदारी."

"ब्रेक आहे, मॅडम," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, अगदी समजावून सांगितल्यासारखं.

बाहेर आले तेव्हा मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. माझ्या हातून तुटली तर फ्रेम तुटते. इथे बाबा रस्त्यावर असणार होते. पण एक गोष्ट डोक्यात फिरत राहिली. त्याने तो लिव्हर बघितलासुद्धा नाही. निदान बघायचं तरी! इतकी वेगळी वस्तू समोर आल्यावर माणसाला हात लावून बघावंसं कसं वाटत नाही?

मग मी सायकल घेऊन स्टेशनजवळ झाडाखाली बसणाऱ्या पंक्चरवाल्याकडे गेले. बाबांच्या सायकलची पंक्चरं वर्षानुवर्षं यानेच काढलेली. तो नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

"लावतो ना! त्यात काय? ठेवून जा."

मी ठेवून गेले नाही, उभी राहिले. त्याने जुना लिव्हर झटक्यात काढला, नवा लावला, वायर आत सारली. वायरीच्या टोकाला शिशाची छोटी गोळी असते, ती लिव्हरच्या खाचेत बसावी लागते. ती गोळी मोठी, खाच लहान. बसेना. त्याने पक्कड उचलली आणि म्हणाला, "ह्याला जरा कापू."

"कशाला? वायरीला?"

"नाय, ह्याला," म्हणत त्याने पक्कड लिव्हरवरच ठेवली.

मी म्हटलं, "राहू दे भाऊ, परत येते." त्याला वाईट वाटलं नाही. त्याने जुना लिव्हर तितक्याच झटक्यात परत लावून दिला आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

घरी परतताना मी विचार करत होते, की एक न बघता नाही म्हणाला आणि एक न बघता हो म्हणाला. आमच्या दुकानात मी यातली कोण असते? बहुतेक गिऱ्हाइकाचा चेहरा बघून कधी ही, कधी ती.

भांडुपला उतारावर सायकलचं एक दुकान आहे. बसमधून जाताना मला ते नेहमी दिसायचं, कारण दुकानात बसलेली असायची एक बाई. पंजाबी ड्रेसवर जुना शर्ट चढवलेला, बाह्या दुमडलेल्या, मांडीशी चाक धरून फिरवत असायची. हे तिच्या सासऱ्यांचं दुकान होतं. त्यांच्या हाताखाली ती शिकली आणि त्यांच्यानंतर तिनेच चालवायला घेतलं, हे तिनेच नंतर मला सांगितलं. त्या दिवशी मी सायकल न नेता फक्त लिव्हर पर्समध्ये घालून गेले.

तिने हात पुसले, लिव्हर घेतला आणि थेट दारात, उजेडात गेली. मी दुकानात फ्रेम घेऊन जाते तशीच. मला हसू आलं.

"दोन वायरी?" ती म्हणाली. "एकदम?"

"हो."

"मी असला कधी बघितला नाही. कोणासाठी?"

मी सांगितलं. तिने परत तो दाबून बघितला. आतला तुकडा पुढे-मागे होतो ते वाकून बघितलं.

"बाहेरचं सामान लावता का तुम्ही?" मी विचारलं.

"कसलं आहे त्यावर. ऐक ताई, ही वस्तू तुझी. ती मोडली, वाकली, तर मला बोलायचं नाही. पण मी लावल्यावर ढिली झाली, सरकली, वायर सुटली, तर ते माझं. पटतंय?"

पटलं. इतकं साधं होतं. आमच्याकडे हे असं दोन भागांत कोणी केलंच नव्हतं, आम्ही सगळंच गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालत होतो.

"आणि सायकल एकटी आणू नकोस," ती म्हणाली. "काकांना आण. ज्याचा हात, त्याला बघितल्याशिवाय मी हे लावणार नाही."

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मी सायकल टेम्पोत टाकली आणि बाबांना घेऊन भांडुपला गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिने त्यांना स्टुलावर बसवलं आणि आपला हात पुढे केला.

"काका, दाबा. जोरात."

बाबा जरा बावचळले. परक्या बाईचा हात दाबायचा म्हणजे काय! पण तिने हात मागे घेतला नाही. त्यांनी उजव्या हाताने दाबला.

"आता दाबून धरा. सोडू नका." ती भिंतीकडे बघत थांबली. थोड्या वेळाने बाबांची पकड सैल पडायला लागली तशी म्हणाली, "बस. कळलं." मग माझ्याकडे वळली. "दोन हातांचं काम आता एका हाताला. दोन्ही ब्रेकांच्या स्प्रिंगा एकट्याने ओढायच्या. मला वाटलंच होतं, जड जाणार. स्प्रिंगा नरम कराव्या लागतील."

मला हे सुचलंच नव्हतं. मी फक्त दोन भोकं बघितली होती.

मग काम सुरू झालं. वायरीच्या गोळीचा प्रश्न इथेही आला. तिने लिव्हरला हात लावला नाही. डब्यातून चार-पाच तऱ्हेच्या वायरी काढून एकेकीची गोळी खाचेत बसवून बघितली. एक बसली. दुसरी अडचण आली ती मात्र माझ्या ओळखीची निघाली. लिव्हरची कडी हँडलवर जरा सैल होती, स्क्रू पूर्ण आवळला तरी फिरायची. तिने ट्यूबच्या रबराची पट्टी कापली. मी म्हटलं, "रबर नको. दाबलं की दबतं, मग परत ढिलं होतं. आमच्याकडे फ्रेमची कडी सैल असली तर आम्ही कडक काहीतरी घालतो." तिने माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या कचऱ्याकडे, आणि थंड पेयाचा रिकामा कॅन उचलून माझ्या हातात कात्री दिली. मी पत्र्याची पट्टी कापली, कडा घासल्या. बसली ती घट्ट.

"तू काय करतेस गं?" तिने पहिल्यांदाच विचारलं.

"चष्मे."

"अच्छा," ती म्हणाली, जणू सगळा उलगडा झाला.

दोन्ही वायरी जोडून झाल्यावर ती म्हणाली, "आधी मी चालवून बघते." उतार चढून ती सायकल वर घेऊन गेली, वळली, खाली येता येता तिने ब्रेक दाबला आणि मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. तिने वेळेवर उडी मारली, पण गुडघा आपटला. मी धावले. ती गुडघा चोळत सायकल उभी करत होती, आणि चेहऱ्यावर दुखल्यापेक्षा कोडं पडल्याचा भाव होता.

"पुढचा आधी धरतोय. का पण? दोन्ही सारखे आवळलेत मी."

आम्ही तिघं सायकलभोवती बसलो. बाबांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी स्टूल मागच्या चाकाजवळ ठेवलं. ती पुढच्या चाकाशी उकिडवी बसली. मी लिव्हर हळूहळू दाबायचा, आणि ज्याचं रबर रिमला टेकेल त्याने ओरडायचं.

"लागला!" ती ओरडली.

थोड्या वेळाने बाबा, "लागलो!"

परत. "लागला!" मग बाबा, "लागलो!" प्रत्येक वेळी तीच आधी. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायला लागली होती. ही कसली पूजा चाललीय, असं एकाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

बाबांनीच वायरीवरून बोट फिरवत नेलं. पुढची वायर वीतभर आणि सरळ. मागची हँडलखालून वळून, दांडीच्या बाजूने, सीटखाली परत वळून. "हयसर वळता, थंयसर वळता," ते म्हणाले, "वळता वळताच दमता ती."

"बरोबर," ती म्हणाली. "सगळी ओढ ह्या वळणांतच जाते." तिने मागच्या वायरीची जुनी नळी काढून नवी घातली, ग्रीस सोडलं, पुढची वायर किंचित सैल केली. परत तोच खेळ. मी दाबत होते आणि कान टवकारले होते. कितीतरी वेळा तिचंच आधी आलं, मग दोघं एकदम ओरडले, आणि शेवटी एकदा बाबांचं "लागलो!" आलं, आणि एका श्वासाच्या फरकाने तिचं. बाबांनी मांडीवर थाप मारली.

घंटी कुठे लावायची हा प्रश्न उरला होता. उजव्या बाजूला आता जागाच नव्हती. ती म्हणाली, डावीकडे राहू दे, नाही तर तोंडाने ओरडा. बाबांनी आपला डावा हात उजव्या हाताने उचलून हँडलवर ठेवला आणि कोपर जरा हलवलं. मिटलेल्या बोटांची मागची बाजू घंटीच्या खटक्यावर आपटली. ट्रिंग. त्यांनी परत हलवलं. ट्रिंग. बाबा लहान मुलासारखे वाजवतच बसले. कप सुटल्यापासून त्या हाताने केलेलं हे पहिलं काम होतं.

दुकानामागे सपाट गल्ली आहे, गाड्या फारशा नसतात. बाबा सायकलवर चढले ते मी धरल्यावर. पहिलं पायडल, दुसरं, आणि सायकल डगमगत निघाली. मी शेजारून धावत होते. "सोड गो!" ते म्हणाले. मी सोडली. ते सरळ गेले. पाठ ताठ, इस्त्रीचा शर्ट फुगलेला. गल्लीच्या टोकाला ब्रेक दाबायचा आणि थांबायचं, असं ठरलं होतं. ते टोकाला पोचले आणि डावीकडे वळून दिसेनासे झाले.

आम्ही वाट बघितली. ती म्हणाली, "येतील." मी म्हटलं, "हो." मग आम्ही दोघीही एकदम पळत सुटलो.

वळणापलीकडे एक टेम्पो उभा होता. बाबा सायकलवर बसलेले, उजव्या हाताने टेम्पोची कडी धरलेली, एक पाय टेम्पोच्या टायरवर टेकलेला. कुठे लागलं नव्हतं. घामाने भिजले होते आणि हसत होते.

"काय झालं? थांबला नाहीत का?"

"थांबलंय तर! झकास थांबलंय. पण उतरूक जमणा नाय."

आयुष्यभर ते डावीकडे उतरत आले होते. ज्या पायावर भार टाकून आणि ज्या हातावर जोर देऊन उतरायचं, तेच दोन्ही कच्चे. गल्लीच्या टोकाला हे लक्षात आल्यावर त्यांनी आधार दिसेपर्यंत चालवत राहायचं ठरवलं होतं. दुकानवाली कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. ती एकदम हसायलाच लागली. "आपण थांबायचं बघितलं, उतरायचं बघितलंच नाही!"

तिने तिथेच सीट खाली केली, बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी. बाबांना ते आवडलं नाही. "बदकासारखा दिसतंय," ते म्हणाले. निघताना तिने मला बाजूला घेतलं. दोन्ही ब्रेक आता एकाच लिव्हरवर आहेत, तो गेला तर दोन्ही गेले, म्हणून दर महिन्याला सायकल दाखवायला आणायची, हे तिने मला दोनदा बजावलं. आमच्याकडून चष्मा घेऊन गेलेल्या माणसाला मी कधी असं बोलावलेलं नाही.

उजवीकडून उतरायला शिकण्यात होळीही गेली. ते सगळं आमच्या बिल्डिंगच्या आवारात, पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारत. आई गॅलरीतून बघायची आणि बघत नसल्याचं दाखवायची. एका सकाळी बाबा पिशवी घेऊन निघाले, तेव्हा ती फक्त म्हणाली, "हेल्मेट." ते गेले. मी कामाला जायला उशीर करून गॅलरीत थांबले. बाबा परत आले तेव्हा हँडलला पिशवी होती, आणि पिशवीत बोंबील. आईने ते उलटून-पालटून बघितले. नावं ठेवायला काही मिळालं नाही, म्हणून तिला जरा चुकल्यासारखं वाटलं असावं.

पुढच्या एका खेपेला भांडुपची बाई मला म्हणाली, "एकीला तुझ्या बाबांची सायकल बघायची आहे. पाठवू?"

ती आली रविवारी सकाळी, माहुलहून. चाळिशीची, कोळ्यांच्या घरातली, केसांत अबोलीचा गजरा. मासळीच्या धंद्यात बर्फ फोडायच्या मशिनीत तिच्या डाव्या हाताची बोटं गेली होती, बरीच वर्षं झाली त्याला. हे तिने दारातच सांगून टाकलं, म्हणजे मग आम्ही हाताकडे चोरून बघायला नको. तिला एका हाताने सायकल चालवायची होती, पण अडचण वेगळीच होती.

"मला येतच नाही," ती म्हणाली. "लहानपणी भावांना शिकवली, मला नाही. नंतर हात गेला. सगळे म्हणाले, आता काय! भांडुपला माझी नणंद राहते, तिच्याकडे आले होते. तिथल्या सायकलच्या दुकानात त्या बाईने फोनवर तुमच्या सायकलचा फोटो दाखवला. म्हटलं, हे बघायलाच पाहिजे."

बाबांनी लिव्हर दाखवला. दोन वायरी, मागची कशी आधी लागते, का लागते. ते समजावताना ते मालवणीत गेले आणि तिने मध्येच थांबवलं नाही. तिने लिव्हर दाबून बघितला, सोडून बघितला, चाकाशी वाकून रबर कुठे टेकतं ते बघितलं. मग विचारलं, "मी बसू का?"

सीट खालीच होती. तिने साडी कमरेला खोचली आणि बसली. मी एका बाजूने धरलं, बाबांनी मागून कॅरियर धरलं, आपल्या चांगल्या हाताने.

"ब्रेक कधी दाबायचा?" ती म्हणाली.

"ब्रेकाचा मागसून बघूया. आदी पायडल मार."

ती निघाली आणि लगेच माझ्या अंगावर कलली. परत. या वेळी कुंडीवर. कुंडी फुटली, ती उठली, गजरा सरळ केला. "परत," ती म्हणाली. आई खाली आली होती. तिने कुंडीचे तुकडे गोळा केले आणि बाकीच्या कुंड्या एकेक करून भिंतीकडे सरकवल्या, कोणी न सांगता.

कितव्या तरी वेळी बाबांच्या हातातून कॅरियर सुटलं. त्यांनी मुद्दाम सोडलं की ते दमले होते, मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनीही नीट सांगितलं नाही. ती टाकीपर्यंत गेली, वेडीवाकडी, तोंडाने मोठमोठ्याने काहीतरी बोलत. टाकीजवळ तिने ब्रेक दाबला. सायकल थांबली आणि तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकले.

ती वळून बघेना. आम्ही तिघं जिथल्या तिथे उभे होतो. मग तिने सायकल हाताने वळवली, आमच्याकडे तोंड केलं, आणि परत सीटवर बसली.

"आता धरू नका," ती म्हणाली. "बाजूला व्हा सगळे."